गोळी

गोकुळ शिरगावात, फौंड्र्यांच्या ओळीमागं आमची शेड.
आत तीन मजली स्टीलची कणगी, बुडाशी निमुळती.
बाजूनं जिना.
जिन्यावर मी, रात्रपाळीला.

शतावरीचा काढा पंपानं वर चढतो,
गाळून, आटवून काकवीइतका दाट झालेला.
माथ्यावर चकती, मिनिटाला अठरा हजार फेरे.
तिच्यावर पडलेला थेंब थेंब राहत नाही,
धुकं होतं त्याचं,
आणि धुक्याला गाठते एकशे ऐंशी अंशांची हवा.
चुटकी वाजेस्तोवर पाणी गेलेलं.
उरलेलं सायक्लोनमध्ये घिरट्या घालत
खालच्या पिंपात उतरतं, सुटं, पिठासारखं.

उतरावं, असं मॅन्युअलात आहे.

ऑगस्टात हवा धुतल्या चादरीसारखी,
पिळली तर बादली भरेल.
त्यात शतावरी मुळातच गोड,
आणि गोडाला भिंत दिसली की ते धरून बसतं.
परवा पहाटे तीनला पिंपात दोन मुठी,
बाकी सगळी बॅच भिंतीवर,
तपकिरी, काचेसारखी.

मशीन गार केली. मेन स्विचला कुलूप, किल्ली खिशात.
दार उघडून, बॅटरी दातांत धरून
लांब दांड्याच्या उलथन्यानं खरवडत बसलो.
एक कपची जिभेवर ठेवली.
ठेवू नये. नियम आहे.

वडणग्यातल्या गुऱ्हाळात
काहिलीच्या कडेला लागलेलं खरवडायला
आम्ही पोरं अशीच भांडायचो.
आवाज हाच. लोखंडावर लोखंड.

वडील गुळवे होते.
थर्मामीटर त्यांनी तापातसुद्धा लावला नाही.
उकळत्या काहिलीतला चमचाभर पाक गार पाण्यात सोडायचे,
बोटांत वळायचे,
परातीवर टाकायचे. टण्ण वाजली की मान हलवायचे,
आणि आठ माणसं काहील उचलायची.
गोळी झाली म्हणजे झालं.

माझ्याकडं उलटं.
गोळी झाली म्हणजे बॅच गेली.

सकाळी मुबीना शिकलगार आली, आमची केमिस्ट.
भिंत बघितली, रागावली नाही,
म्हणाली, एकटी उतरायची नाही ही, सोबत वाढवू.
सोबत म्हणजे मॉल्टोडेक्स्ट्रिन.
मक्यातनं येतं, पांढरं,
धड गोड नाही, वास नाही, स्वतःचं असं काही म्हणणं नाही.
पण त्याचा हात धरला की शतावरी भिंत सोडते.
टक्के लेबलवर जातील हां, ती म्हणाली,
सोबतीची किंमत मुळीच्या भावानं लावायची नाही.

हवा वीस अंशांनी उतरवली. पंप हळू केला.
दुपारी काचेच्या खिडकीतून बघतो तर
भिंत कोरडी,
आणि पिंपात भुरभुर, भुरभुर.

मुबीनानं नरसाळ्यातून पूड कागदावर सोडली.
लहानसा डोंगर झाला.
कोनमापक लावून उतार मोजला:
तेहतीस.
चाळीसच्या वर गेला असता तर पुन्हा उलथनं.
तिनं वहीत आकडा लिहिला, डोंगर बोटानं मोडला,
तो मुकाट वाहिला.

नमुन्याची एक पुडी मी घरी नेली.
वडिलांना आता साखर आहे, गूळ बंद.
त्यांनी चष्मा पुसला,
पूड या तळव्यावरून त्या तळव्यावर ओतली,
चिमटीत धरून वळायला बघितली,
परत बघितली.
"ह्येची गोळी हुईना की रं. कच्चं हाय."
मी कोन सांगितला. आर्द्रता सांगितली, चार टक्के.
ते ऐकत होते,
चिमूट चालूच होती.

पुडी मिटायची राहिली.
चार दिवस खिडकीत, औषधांच्या डब्याशेजारी.

पाचव्या दिवशी रात्रपाळीहून आलो तर ते जागेच.
ताटलीवर काहीतरी टाकलं त्यांनी.
टण्ण.

"आत्ता आलं बघ पाकावर."